सोमवार न सांगणारी बाई

हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये, खोलीच्या दाराबाहेर, कोणी बूट काढून ठेवतं का? मंदाताई ठेवायच्या. टाचेला झिजलेले काळे बूट भिंतीला टेकवायच्या, दारावर टकटक करायच्या आणि आतून लेकराचा आवाज येईपर्यंत मोज्यांवर उभ्या राहायच्या. खोलीचं कार्ड त्यांच्या हातातच असायचं. तरी थांबायच्या. पहिल्या दिवशी मी आतून धावत दार उघडलं, तर मलाच दटावलं.

"तू काऊन उघडून राहिली? खोली तुही आहे का? त्या दोघींले विचार, येऊ का म्हणून."

त्या दोघी म्हणजे पलंगाच्या कडेला बसलेल्या दोन बहिणी, पाच आणि सात वर्षांच्या. आदल्या संध्याकाळी त्यांना घरातून काढून इथे आणलं होतं. मी विचारलं. मोठी म्हणाली, "ओके." मग मंदाताई आत आल्या आणि खाली कार्पेटवर बसल्या.

नंतर मला कळलं की लोकांच्या घरी चौकशीला जाताना त्या कधीच बूट काढायच्या नाहीत. मराठी घर असो, पंजाबी असो, यजमान कितीही कपाळाला आठ्या घालो. वेळ आली तर पळता आलं पाहिजे, म्हणून तसा नियमच आहे. मी म्हटलं, ताई, तुमचं सगळं उलटंच. तर म्हणाल्या, "त्या घरात मी सरकार असते. इथं मी पाहुणी आहे."

आधी हे "इथं" काय ते सांगते, कारण बहुतेकांना माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत. मुलाला घरात धोका आहे असं ठरलं की बालसंरक्षण संस्था त्याला बाहेर काढते. मग त्याला एखाद्या पालक कुटुंबात ठेवायचं असतं. पण शनिवार-रविवारी कुटुंब मिळत नाही. मग हायवेलगतच्या हॉटेलात एक खोली घेतात, मुलाला तिथे ठेवतात, आणि त्याच्याजवळ बसायला पाळीपाळीने अनोळखी माणसं पाठवतात. त्या अनोळखी माणसांतली मी एक. स्कारबरोत बेसमेंटमध्ये राहणारी, कॉलेजात डिप्लोमा करणारी, पीआरची, म्हणजे ह्या देशात कायम राहायच्या परवान्याची, वाट बघणारी. दर अर्ध्या तासाला आम्ही वहीत लिहायचं: मूल शांत आहे, मूल टीव्ही बघत आहे, मूल शांत आहे. ऑफिसात ह्याला 'प्लेसमेंट' म्हणतात. मी ह्याला लाज म्हणते.

आणि मंदाताई? शुक्रवारी साडेचारला दिवसाचं ऑफिस बंद होतं ते सोमवारी सकाळी साडेआठला उघडतं. मधल्या काळात कोणी मारलं, कोणी टाकून गेलं, कोणाची आई बेशुद्ध पडली, तर फोनवर दोन माणसं आणि रस्त्यावर एक गाडी. आमच्या भागाच्या त्या गाडीत सोळा वर्षं मंदाताई होत्या. वर्ध्याच्या. तिकडे समाजकार्याची पदवी, इकडे येऊन आधी कॉफीच्या दुकानात काउंटर, मग पुन्हा परीक्षा, मग ही नोकरी, तीही कुणालाच नको असलेल्या पाळीची. सोळा वर्षांत एक बारसं नाही, एक हळदीकुंकू नाही, इथल्या मराठी मंडळाचा एक गणपती नाही. त्यामुळे मंडळात त्यांची ओळख एवढीच, 'पोरं उचलणारी बाई'. किराणा दुकानात त्या दिसल्या की गप्पा थांबायच्या. आपली मुलं जणू त्या पर्समध्ये घालून नेणार होत्या.

गाडीच्या डिकीत एक कंगवा आणि खोबरेल तेलाची बाटली असायची. थंडीत तेल गोठायचं, मग त्या गाडीच्या हीटरसमोर बाटली धरून बसायच्या. "चार दिवस वेणी नाही घातली कोणी, तर लेकराले वाटते आपलं आता कोणीच नाही. आणि खरंच आहे ना ते." असं काहीतरी बोलून मोठ्यांदा हसायच्या. त्यांचं हसू ऐकून मला आधी राग यायचा. इथे हसायला काय आहे?

मला त्या 'पत्रकवाली' म्हणायच्या. भाडेकरूंसाठी, विद्यार्थ्यांसाठी, मी पत्रकं लिहायचे आणि वाटायचे, आजही वाटते. एकदा मी बालसंरक्षणावरही लिहिलं होतं, 'आपली मुलं वाचवा!' वगैरे. ते त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पूर्ण वाचलं आणि परत दिलं.

"उद्गारचिन्हं किती वो बाई! अर्धं पत्रक तर काठ्याच उभ्या आहेत. आणि कोणापासून वाचवा म्हणते? माह्यापासून?"

"तुमच्यापासून नाही ताई. सिस्टीमपासून."

"सिस्टीम कुठं राहते? पत्ता दे, मी जाऊन येते."

त्यांचा एक नियम मात्र मला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावला. हॉटेलातली मुलं एकच प्रश्न विचारतात: मी घरी कधी जाणार? आम्हाला शिकवलेलं उत्तर ठरलेलं होतं, सोमवारी बघू. ऑफिस सोमवार म्हणे, वरिष्ठ सोमवार म्हणत, पोलीस सोमवार म्हणत. मंदाताई म्हणायच्या, "लेकराले सोमवार सांगू नको. सोमवार तुह्या हातात आहे का? नाही ना? मंग जे हातात आहे ते सांग. मले माहीत नाही, असं सांग. पण उद्या अकराले मी येईन, हे माहीत आहे, असं सांग." आणि अकराला त्या यायच्या. अकरा वाजून दोन मिनिटांनी नाही.

आता ऑक्टोबरातला तो थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड, सोमवारीही सुट्टी. ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे. राग बदललेला नाही.

शुक्रवारी शाळा सुटता सुटता ओकव्हिलच्या एका शिक्षिकेला आठ वर्षांच्या मुलीच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले. मुलीला मी ठमी म्हणते. शाळेचा फोन आला तोवर दिवसाचं ऑफिस उठलं होतं, म्हणजे प्रकरण मंदाताईंच्या गाडीत. मूल हलवावं लागलं तर मागच्या सीटवर त्याच्याजवळ बसायला माझ्यासारखं कोणी लागतं, म्हणून मलाही बोलावलं. सहा वाजता आम्ही त्या घराच्या दिवाणखान्यात उभ्या होतो. बरोबर एक पोलीस. मंदाताई बूट घालून. घर असं की माझं अख्खं बेसमेंट त्यांच्या बूट ठेवायच्या खोलीत मावलं असतं. बाप पुण्याचा इंजिनिअर, मंडळाच्या कार्यकारिणीवर. गणितात सत्तर टक्के मिळाले म्हणून पट्टा. त्याने लपवलंही नाही.

"मॅडम, तुम्ही आपल्यातल्याच. शिस्त म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. बसा, चहा घ्या."

"पाणी चालेल. दादा, साधी गोष्ट आहे. तीन-चार दिवस तुम्ही दुसरीकडं राहा. मित्राकडं, हॉटेलात, कुठंही. लेकरू तिच्या आईजवळ, तिच्या पलंगावर झोपते. मंगळवारी ऑफिस उघडलं की पुढचं बोलू."

"मी? माझ्या घरातून?"

"ज्यानं मारलं त्यानं बॅग भरावी. लेकरानं कायले भरावी?"

बाप बायकोकडे बघू लागला. तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, आता ती म्हणेल, जा. ती म्हणाली, "ताई, उद्या आमच्याकडे कोजागिरी आहे. साठ माणसं येणार आहेत. हे नसले तर लोकांना काय सांगू?"

स्वयंपाकघरात ओट्यावर दुधाचे कॅन रांगेने उभे होते. ते मी पाहिले. म्हणून सांगते, मी हे बनवलेलं नाही. साठ जणांच्या मसाला दुधासाठी बाप घरात राहिला आणि आठ वर्षांच्या मुलीने बॅग भरली. बापाला बाहेर काढायचा अधिकार त्या क्षणी मंदाताईंकडे नव्हता, पोलीस म्हणाला पुढची चौकशी वीकेंडनंतर, आणि मुलीला त्या घरात ठेवणं शक्य नव्हतं. ठमीने बॅगेत पायजमा घातला, ब्रश घातला आणि गणिताची वही घातली. मी विचारलं, ही कशाला गं? "इट्स ड्यू ट्यूजडे," ती म्हणाली. गृहपाठ मंगळवारी द्यायचा होता.

शनिवारी अकराला कॉरिडॉरमध्ये बूट निघाले, टकटक झाली, ठमीने 'कम इन' म्हटलं. मंदाताईंनी तिच्या केसांना तेल लावलं, दोन वेण्या घातल्या आणि विचारलं, "तुले कोणाकडं राहायला आवडेल? शाळेतलं, मंडळातलं, कोणीही." ठमीने हॉटेलच्या छोट्या पॅडवर नावं लिहिली. इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकापुढे नातं. कोणी काकू, कोणी मावशी, एक मामा. एकूण सात. मुलाच्या ओळखीचं, विश्वासाचं घर मिळालं तर हॉटेलाची गरज नसते, कायदाही तेच म्हणतो. मंदाताईंनी ठमीच्या आईला फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. आई म्हणाली, "विचारा त्यांना. फक्त का ते सांगू नका."

मग त्या बाहेर जाऊन आपल्या बुटांशेजारी कार्पेटवर बसल्या आणि सात फोन केले. फोन हळू आवाजात स्पीकरवरच होता; दाराची फट उघडी ठेवून मी ऐकत होते. "ठमीच्या घरी थोडी अडचण आहे, तिची आई हो म्हणाली आहे, दोन-तीन दिवस तिले ठेवून घ्याल का?" एवढंच विचारायच्या.

पहिल्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे पाहुणे आहेत. मामा म्हणाला, "आमची पीआर प्रोसेस चालू आहे, नाव कुठे येता कामा नये." एका मावशीने विचारलं, "पण झालंय काय? आम्हाला नाही का सांगणार?" आणि सांगत नाहीत म्हटल्यावर फोन ठेवला. एकीला बरं नव्हतं, एकीच्या मुलाची परीक्षा. सहावी म्हणाली, "अहो, रात्री त्यांच्याकडेच जायचंय कोजागिरीला! त्यांची मुलगी आमच्या घरात ठेवून त्यांच्याकडे दूध प्यायला कसं जायचं?" हे वाक्य तिने न हसता उच्चारलं. सातवीने फोन उचललाच नाही. मेसेज पाठवला, 'इन अ मूव्ही'.

मंदाताई आत आल्या. ठमी पलंगावर मांडी घालून वाट बघत होती. "कोण हो म्हणालं?"

मी असते तर काहीतरी गोड खोटं सांगितलं असतं. मंदाताई म्हणाल्या, "कोणीच नाही. आज कोणालेच जमून नाही राहिलं."

ठमीने पॅडवरची नावं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "पोळीवाल्या काकूंना विचारू? त्या आमच्या फ्रेंड नाहीत. आम्ही फक्त पोळ्या घेतो."

ह्या विमलकाकू. नवरा वारला, मुलगा दूर, दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या आणि डबे करतात. ठमी दर शनिवारी आईबरोबर त्यांच्याकडे जायची. मंदाताईंनी पुन्हा आईला विचारून फोन लावला. दोन वाक्यं बोलून व्हायच्या आत तिकडून आवाज आला, "आणा की. जेवलीय का ती?"

आता काय राहिलं? घर बघायचं, चार प्रश्न विचारायचे, नोंदी तपासायच्या. दीड तासाचं काम. मंदाताईंनी पुन्हा बाहेर बसून वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठ सुट्टीसाठी तळ्याकाठच्या कॉटेजवर होते. मागे गाण्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

"घर बघायला दोघं लागतात, मंदा."

"मंग दुसरा द्या."

"लाँग वीकेंड आहे. माणूस नाही."

"मी एकटी जाते."

"एकटीने जायचं नाही. मंगळवारी बघू."

मंगळवार! सोमवारी सुट्टी होती ना, म्हणून सोमवारसुद्धा मंगळवार झाला. मंदाताई ओरडल्या नाहीत. फोन कार्पेटवर उपडा ठेवला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले. मग उठून आत गेल्या. "ठमे, त्या काकू हो म्हणाल्या. लगेच. पण माह्या ऑफिसनं नाही म्हटलं. त्याईची चूक नाही, तुही तर नाहीच नाही. मले अजून माहीत नाही तू कधी जाशील. उद्या अकराले मी येते."

त्या दिवशी वहीत मी दर अर्ध्या तासाला 'मूल शांत आहे' लिहायचं थांबवलं. मी लिहिलं, 'मूल गणित सोडवत आहे.' तेच खरं होतं.

रविवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर कोजागिरीचे फोटो आले. बाप मोठ्या पळीने दूध वाढतोय. त्या सातांपैकी चौघी एकाच फोटोत, पेले उंचावून. कोणीतरी विचारलेलं होतं, ठमी दिसत नाही? खाली आईचं उत्तर, 'मैत्रिणीकडे स्लीपओव्हरला गेलीय!' त्याखाली हृदयं, हसरे चेहरे. ती हृदयं पाठवणाऱ्यांना आदल्या दिवशी फोन गेला होता. त्यांना माहीत होतं.

त्याच सकाळी विमलकाकू दोन बस बदलून डबा घेऊन हॉटेलच्या लॉबीत आल्या. वर सोडायला परवानगी नाही. बाहेरचं अन्न मुलाला द्यायलाही परवानगी नाही. माझ्या हातात नियमांचा कागद होता आणि मी तो वाचून दाखवत होते. मी, पत्रकवाली! अकराला मंदाताई आल्या. डबा विमलकाकूंच्या हातातून घेतला.

"हा डबा कोणाचा आहे?" मला विचारलं.

"ठमीसाठी..."

"माहा आहे. मी दुपारी काय जेवावं याचा नियम आहे का कागदात? पाह्य नीट."

वर त्या डबा उघडून कार्पेटवर जेवायला बसल्या आणि ठमी त्यांच्या डब्यातून तूप-साखर लावलेल्या दोन पोळ्या जेवली. विमलकाकू खाली खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन तासभर बसून राहिल्या, मग दोन बस बदलून परत गेल्या.

मंगळवारी काय झालं? बापाच्या वकिलाने त्याला सांगितलं, तुम्ही घराबाहेर राहिलात तर केस बरी दिसेल. तो सहकाऱ्याच्या फ्लॅटवर राहायला गेला. ठमी दुपारी आईजवळ घरी. बस्स! शुक्रवारी पाच मिनिटांत होणारी गोष्ट मंगळवारी पाच मिनिटांत झाली. मधले दिवस त्या मुलीने भरले, वहीसकट.

आणि मग तक्रार आली. ठमीच्या बापाविरुद्ध नव्हे, मंदाताईंविरुद्ध. समाजात फोन करून आमची बदनामी केली, गुप्तता मोडली. सातपैकी सातही जणांनी ईमेल लिहिले. मुलीला ठेवायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांना ईमेल लिहायला मिळाला. आई म्हणाली, मी परवानगी दिल्याचं आठवत नाही.

मी ती परवानगी कानांनी ऐकली होती. मी चार पानी जबानी लिहिली. मंदाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"'निर्लज्ज' काढ. 'दांभिक' काढ. हे 'माणुसकीला काळिमा' काय आहे? हे तर काढच."

"ताई, पण खरं आहे ना!"

"खरं आहे म्हणूनच काढ. किती वाजता, कोणी, काय म्हटलं, एवढंच ठेव. विशेषणं पाहिली की लोक विशेषणांवर भांडतात. फोनचं राहून जाते. आणि पाह्य पोरी, तुह्या पीआरले काही होत असेल तर हेही देऊ नको. मी रागवणार नाही."

चार पानांचं अर्धं पान झालं. दिलं. तक्रार टिकली नाही. तसं पत्रही आलं. पण मंदाताईंना वीकेंडच्या गाडीवर परत घेतलं नाही. 'कामकाजाच्या सोयीसाठी' त्यांना सोमवार ते शुक्रवार, जुन्या फायली तपासायच्या टेबलावर बसवलं. सोळा वर्षांनी त्यांना शनिवार-रविवार सुट्टी मिळाली, आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावलं नाही. मला हॉटेलच्या पाळ्या मिळणं बंद झालं, तेही कोणी सांगितलं नाही, फक्त फोन येईना.

सहा महिने त्यांनी ते टेबल सोसलं. मग राजीनामा देऊन कॅल्गरीला मुलीकडे गेल्या. सामान बांधायला मी गेले होते. तेलाची बाटली मी पेपरात गुंडाळत होते. म्हटलं, ताई, मी पत्रक काढते. सातही नावं छापते. ओकव्हिलपासून स्कारबरोपर्यंत वाटते. होऊन जाऊ दे.

त्या खोक्याला टेप लावत होत्या. तशाच म्हणाल्या, "नावं छापली की बाकीचे सुटतात, बाई. म्हणतात, ते सात वाईट, आम्ही नाही. मंग पुढच्या वेळी फोन कोणाले करायचा?"

म्हणून नावं छापत नाही. विशेषणं त्यांनी काढायला लावली होती, त्यातली काही मी इथे परत घातली आहेत; त्याबद्दल त्या फोनवर बोलतीलच.

एक गोष्ट सांगायची राहिली. मंदाताई जायच्या आधी विमलकाकूंनी पालक कुटुंब होण्यासाठी अर्ज केला. तपासणी झाली, प्रशिक्षणाचे वर्ग झाले, पोलिसांचा कागद आला; अर्धी कामं विमलकाकूंनी पोळ्या लाटता लाटता फोन खांद्याला लावून केली. वीकेंडला मूल ठेवून घ्यायला तयार असलेल्या घरांची ऑफिसात एक यादी असते. आता तिथे त्यांचं नाव आहे. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे दोन भावंडं होती, शुक्रवार ते मंगळवार.

आमच्या भागात मला माहीत असलेलं त्या यादीतलं मराठी नाव ते एकच. विमलकाकूंकडे दोन खोल्या आहेत. तुमच्याकडे किती आहेत?